बॉब युकरचे सुटलेले २७ चेंडू : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकन बेसबॉलमधला कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) बॉब युकर, त्याच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही आकड्यांसकट, तावातावाने लिहिलंत. त्यामुळे ‘धन्यवाद, मत वेगळं असू शकतं’ एवढं लिहून सुटता येणार नाही. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा देतो. सहा हंगाम खेळून ज्याची फलंदाजीची सरासरी .२००, १९६७ साली २७ ‘पास्ड बॉल’ (हातून सुटलेले चेंडू) सोडून जो नॅशनल लीगमध्ये (दोन मुख्य लीगांपैकी एक) अव्वल ठरला आणि १९६४ची वर्ल्ड सिरीज (विजेतेपदाची अंतिम मालिका) ज्याने बाकावर बसून जिंकली, अशा कॅचरवर एवढा लांबलचक लेख म्हणजे अपयशाचं कौतुक. माणूस गमत्या होता हे मान्य, पण खेळाडू म्हणून त्याची दखल कशाला? लिहायचंच तर जॉनी बेंचसारख्या नामांकित कॅचरवर लिहा.

फलंदाजीवरून मी भांडणार नाही. उलट तिथे तुम्ही त्याला सवलतच दिली आहे. ७३१ अॅट-बॅटमध्ये (फलंदाजीच्या खेपांत) १४६ हिट; भागाकार करून बघा, .२००ला किंचित कमीच भरतो. होमरन १४. त्यातला एक १९६५ साली चक्क सँडी कूफॅक्स या नामांकित पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) मारलेला. या एका फटक्यामुळे कूफॅक्सचं हॉल ऑफ फेम (बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंचं मानाचं दालन) हुकतंय की काय अशी आपल्याला धास्ती वाटायची, असं युकर पुढे जन्मभर सांगत राहिला.

पण तो २७चा आकडा. तो तुम्ही फिर्यादीचा मुख्य पुरावा म्हणून मांडलात आणि माझ्या मते तोच पुरावा उलटतो.

साध्या प्रयत्नात अडवता आला असता असा चेंडू कॅचरकडून सुटला आणि त्यावर धावक पुढे सरकला, की अधिकृत स्कोअरर तो कॅचरच्या नावावर पास्ड बॉल म्हणून मांडतो. आपल्याकडे बाय गेले की यष्टिरक्षकाकडे बघतात, तसंच. फक्त पिचर कोण होता, हे त्या रकान्यात कुठेच दिसत नाही.

१९६७च्या जूनमध्ये युकर फिलाडेल्फियाहून अटलांटा ब्रेव्ह्जमध्ये आला आणि तिथे त्याची गाठ फिल नीक्रोशी पडली. नीक्रो नकलबॉल टाकायचा. बोटांच्या टोकांवर धरून चेंडू असा सोडायचा की तो जवळजवळ फिरतच नाही. मग शिवणीवर हवा कधी या बाजूने, कधी त्या बाजूने धरते आणि चेंडू शेवटच्या काही फुटांत कुठेही वळतो. कुठे ते पिचरलाही ठाऊक नसतं, मग ग्लोव्ह धरून उकिडवं बसलेल्याला कुठून असणार!

आता त्या उकिडव्या माणसाच्या जागी बसून बघा. तिसऱ्या बेसवर धावक आहे, फलंदाजावर दोन स्ट्राइक झाले आहेत, तिसरा झाला की तो बाद. नकलबॉल मागितला तर फलंदाज बाद होण्याची शक्यता मोठी, पण चेंडू सुटला तर धाव जाणार आणि डाग तुमच्या नावावर लागणार. स्वतःचे आकडे जपणारा कॅचर अशा वेळी गुपचूप फास्टबॉल मागतो. नीक्रोचा फास्टबॉल बेताचाच. युकरने त्याला सांगून टाकलं की तू नकलबॉलच टाक, अडवायचं माझं मी बघतो. याचं श्रेय नीक्रोने स्वतः पुढे वेळोवेळी युकरला दिलं आहे. त्या वर्षी नीक्रोचा ईआरए (दर नऊ डावांमागे पिचरच्या खात्यात धरलेल्या धावा; जितका कमी तितका चांगला) १.८७ होता, नॅशनल लीगमधला सर्वोत्तम. तोवर त्याने बहुतेक डाव रिलीफ पिचर, म्हणजे मध्येच येणारा बदली पिचर म्हणूनच टाकले होते. पुढे त्याने ३१८ सामने जिंकले आणि १९९७ साली हॉल ऑफ फेममध्ये गेला.

हिशेबातली आणखी एक गंमत बघा. पास्ड बॉलमुळे गेलेली धाव ‘अनअर्न्ड’ ठरते, म्हणजे पिचरच्या ईआरएमध्ये ती धरतच नाहीत. त्याच नकलबॉलवर फलंदाज चुकला की स्ट्राइकआउट नीक्रोच्या खात्यात, आणि चेंडू सुटला की भुर्दंड युकरच्या. त्या १.८७ची थोडी उधारी या २७मध्ये लिहिलेली आहे.

आणि हत्यार काय होतं त्याच्याकडे? १९६० साली बाल्टिमोरचे मॅनेजर पॉल रिचर्ड्स यांनी आपला पिचर हॉयट विल्हेम याचे नकलबॉल अडवता यावेत म्हणून आपल्या कॅचरांसाठी एक अवाढव्य मिट (कॅचरचा हातमोजा) बनवून घेतला होता. मग नियम आला आणि मिटचा घेर ३८ इंचांवर बांधला गेला. युकर नीक्रोसमोर बसला तोवर ती पळवाट बंद झालेली होती.

पास्ड बॉलच्या याद्या तुम्ही चाळल्याच असतील, तर वरच्या नावांसमोर पिचर कोण होते तेही बघा. १९८७ साली टेक्ससच्या जीनो पेट्रालीने ३५ सोडले; समोर नकलबॉलवाला चार्ली हफ. रिक फेरेल १९४५मध्ये वॉशिंग्टनकडून चार-चार नकलबॉल पिचर सांभाळत होता, आणि तो हॉल ऑफ फेममध्ये आहे.

या कामाची किंमत क्लबांना बरोबर कळते. २००६चं उदाहरण देतो. बॉस्टन रेड सॉक्सचा टिम वेकफील्ड नकलबॉल टाकायचा आणि त्याचे चेंडू वर्षानुवर्षं डग मिराबेली अडवायचा. मिराबेली म्हणजे युकरच्याच जातकुळीतला, दुय्यम कॅचर. त्या मोसमाआधी क्लबने त्याला सॅन डिएगोला देऊन टाकलं आणि वेकफील्डसमोर जॉश बार्डला बसवलं. एप्रिल संपेपर्यंत बार्डच्या नावावर १० पास्ड बॉल लागले. १ मे रोजी रेड सॉक्सने बार्डबरोबर एक तरुण पिचरही देऊन मिराबेलीला परत आणलं. संध्याकाळी यँकीजशी सामना, पिचर वेकफील्ड. मिराबेली विमानतळावर उतरला तेव्हा सामन्याची वेळ होत आली होती. पोलिसांच्या गाडीत बसून, सायरन लावून तो फेनवे पार्कला निघाला आणि कपडे त्याने गाडीतच बदलले. रेड सॉक्स जिंकले. त्याची बॅट बघून कुणी पोलिसांची गाडी पाठवली नव्हती.

१९६४च्या मालिकेबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. संघाचा मुख्य कॅचर टिम मॅकार्व्हर सातही सामने खेळला, .४७८च्या सरासरीने. त्याला बसवून युकरला कोण घेणार? युकरने काय केलं, तर सरावाच्या वेळी मैदानात बँडवाल्यांचा ट्यूबा पडला होता तो उचलला आणि उंच उडालेले चेंडू त्यात झेलायला लागला. ट्यूबाला पोचे पडले, त्याचे पैसे क्लबने आपल्याकडून वसूल केले असं तो सांगायचा.

इथेच तुमची खरी गल्लत होते आहे असं मला वाटतं. ‘युकर म्हणजे अगदीच टाकाऊ खेळाडू’ ही ख्याती त्याने स्वतः पिकवली. ब्रेव्ह्जनी १९५६ साली ३,००० डॉलरला करार केला, पण वडिलांपाशी एवढे पैसे नव्हते, हा त्याचा ठेवणीतला विनोद. नकलबॉल कसा अडवायचा? गडगडायचा थांबला की जाऊन उचलायचा, हा दुसरा. टीव्हीवर जॉनी कार्सनच्या कार्यक्रमात बोलावून बोलावून त्याच्याकडून लोकांनी हेच ऐकलं आणि खरं धरलं. तुम्हीही धरलंत. तेव्हा दोन्ही लीग मिळून संघ २०, प्रत्येकाकडे दोन-तीन कॅचर. त्या पन्नासेक जणांत सहा हंगाम टिकायला नुसती विनोदबुद्धी कुठे पुरते? विनोदावर पोट भरलं ते नंतर, १९७१ ते २०२४ मिलवॉकी ब्रुअर्स संघाच्या रेडिओवर समालोचन करताना. मी मिलवॉकीत राहतो, गाडीत ते समालोचन लागलेलं असे, त्यामुळे मी पक्षपाती आहे हा तुमचा आरोप मात्र मला मान्य आहे. जानेवारी २०२५मध्ये तो गेला, नव्वदीत. स्टेडियममध्ये त्याचा एक पुतळा सगळ्यात वरच्या, सगळ्यात शेवटच्या रांगेत बसवला आहे. ही जागासुद्धा त्याच्याच एका जाहिरातीतल्या विनोदावरून ठरली.

राहता राहिला जॉनी बेंच. दहा गोल्ड ग्लोव्ह (क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार), दोनदा एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू). त्याच्यावर लिहिणाऱ्यांची कमतरता नाही. तरी तुमचा आग्रह आहे तर लिहीन. त्याआधी पेट्रालीचा लेख येतोय, त्या ३५वर. खाली प्रतिक्रियेची जागा तुमच्यासाठी मोकळी आहेच.