फोनवरची चिठ्ठी चालते, पण कुठली?

महिनाभर झाला, बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. 'सीमाभागातील मराठी बांधवांनो, सावध राहा' अशी सुरुवात, शेवटी हात जोडलेले. सांगणं थोडक्यात असं: मनाच्या आजारावर फोनवरून उपचार करणं बेकायदा आहे. महाराष्ट्रातल्या डॉक्टरची चिठ्ठी कर्नाटकात चालत नाही. काउन्सेलरना लायसन नसतंच. ह्या आजाराला विमा नाही, वर बिलावर अठरा टक्के जीएसटी. आणि एकदा नाव नोंदलं गेलं की नोकरी, पासपोर्ट, पोरीचं लग्न, सगळ्यावर पाणी.

माझं खानापुरात औषधाचं दुकान आहे. एरवी असले मेसेज मी न वाचता पुसतो. पण परवा जांबोटीकडच्या एक वैनी आल्या. सासऱ्यांच्या नैराश्यावरच्या गोळ्या संपून नऊ दिवस झालेले. म्हटलं, "काय ओ वैनी, एवढा उशीर?" तर म्हणाल्या, "अण्णा, कोल्हापूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी हितं चालत नाही म्हणे. धाकट्या दिरानं मोबाईलवर दाखवलं." चिठ्ठी पर्समध्येच होती. मोबाईलवर आलेली, इथंच स्टँडजवळ प्रिंट काढलेली, घड्या पडून पडून चार तुकडे व्हायच्या बेतात. सासरे तीन रात्री झोपले नव्हते, घरात सगळ्यांवर खेकसत होते. असल्या गोळ्या एकदम तोडल्या की असं होतं. मी डॉक्टरांना फोन लावला, खंड पडल्याचं सांगितलं, त्यांनी अर्ध्या गोळीपासून पुन्हा सुरू करायला सांगितलं. मग रात्री बसून तो मेसेज पहिल्यांदा पूर्ण वाचला.

पहिला मुद्दा, फोनवरचे उपचार बेकायदा. २५ मार्च २०२० ला, म्हणजे लॉकडाऊन लागला त्याच दिवशी, केंद्राने टेलिमेडिसिनची नियमावली काढली आणि ती डॉक्टरांच्या आचारसंहितेलाच जोडली. त्याच वर्षी मानसोपचारासाठी निम्हान्स ही बंगळूरची मनाच्या आजारांची संस्था आणि मानसोपचारतज्ज्ञांची संघटना ह्यांनी मिळून वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. तेव्हा बेकायदा म्हणणाऱ्याचं घड्याळ निदान २०१९ मध्ये अडकलंय. मात्र वाट्टेल ते औषध फोनवर देता येतं असंही नाही, आणि मेसेजमध्ये खरं तर हेच यायला हवं होतं. साध्या, चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांना कसलाही फोन चालतो. त्यापुढची काही औषधं पहिल्याच भेटीत द्यायची तर पेशंट व्हिडिओवर दिसला पाहिजे. काही औषधं आधी प्रत्यक्ष तपासलेल्या पेशंटलाच वाढवून देता येतात. आणि काहींना फोनवर पूर्ण बंदी. सवय लागणाऱ्या काही गोळ्या ह्या शेवटच्या खणात येतात. माझ्याकडे फोनवरच्या चिठ्ठीवर त्या मागायला येणारे आहेत. मी देत नाही, ते रागावतात, दोन दिवसांनी पुन्हा खोकल्याचं औषध घ्यायला येतात.

आणखी एक बारकी गोष्ट, जी पुष्कळ डॉक्टरही विसरतात. 'फॉलोअप' कशाला म्हणायचं, तर त्याच डॉक्टरने त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष पाहिलेलं असेल त्याला. सहा महिने उलटले की नियमाच्या दृष्टीने तुम्ही पुन्हा नवे पेशंट.

दुसरा मुद्दा, महाराष्ट्रातली चिठ्ठी इथं चालत नाही, हा मला सगळ्यात जास्त झोंबला, कारण तो आमच्या सीमावादाच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवून रचलाय. नियमावलीत स्पष्ट लिहिलंय की राज्याच्या किंवा राष्ट्रीय नोंदवहीत नाव असलेला डॉक्टर देशातल्या कुठल्याही भागातल्या पेशंटला टेलिमेडिसिनने सल्ला देऊ शकतो. मुंबईच्या कौन्सिलचा नंबर असो की बंगळूरच्या, दुकानदार म्हणून मला चिठ्ठीवर डॉक्टरचं नाव, नोंदणी क्रमांक, सही, तारीख, पेशंटचं नाव आणि औषधाचं प्रमाण दिसलं पाहिजे. चिठ्ठीला राज्याचा शिक्का लागत नाही. नाहीतर चंदगड तालुक्याचं काय झालं असतं? ती माणसं महाराष्ट्रातली, पण दवाखाना म्हटलं की बेळगाव. दिवसाला किती वडाप भरून येतात ते स्टँडवर उभं राहून बघा. बेळगावची चिठ्ठी चंदगडच्या दुकानात वर्षानुवर्षं चालतेय, तिथं कुणी कानडी-मराठी विचारत नाही.

गोंधळ कुठून आला असावा ह्याचा मला अंदाज आहे. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने जाहीर केलेली महात्मा फुले आरोग्य योजना आणि त्यावर झालेला दोन्ही सरकारांचा वाद आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. पण तो वाद कुणाचं सरकार कुणाच्या उपचाराचे पैसे भरणार ह्याचा. डॉक्टरची नोंदणी ही वेगळी चीज. मेसेजवाल्याने दोन्हीची खिचडी शिजवलीय. कर्नाटकात खोली घेऊन दवाखाना थाटायचा असेल तर मात्र इथल्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखाली, म्हणजे केपीएमईखाली, जिल्ह्यात नोंदणी करावी लागते, दर दिसतील असे लावावे लागतात. तो नियम बोर्ड लावून बसणाऱ्याला आहे.

काउन्सेलरबद्दल मेसेज अर्धा खरा आहे, आणि अर्धं खरं जास्त महागात पडतं. इथं तीन वेगवेगळी माणसं आहेत. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएस करून पुढे शिकलेला डॉक्टर. त्याला मेडिकल कौन्सिलचा नंबर असतो आणि गोळ्या लिहायचा अधिकार असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या लिहू शकत नाही, पण त्यालाही नोंदणी सक्तीची आहे. रिहॅबिलिटेशन कौन्सिलचा सीआरआर नंबर, म्हणजे तिच्या केंद्रीय नोंदवहीतला क्रमांक, लागतो, १९९२ च्या कायद्याप्रमाणे, आणि तो नसताना धंदा केला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तिसरा, नुसता काउन्सेलर. त्याच्यासाठी २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा झाला, त्यात हा वर्ग घेतलाय. पण राज्याराज्यांत परिषदा बसवून नोंदणी करायचं काम रेंगाळलंय. ह्या फटीतून कोणीही घुसतो. माझ्याच मावसबहिणीच्या मुलाला बेळगावातल्या एका 'माइंड कोच'कडे नेलं होतं. दहा बैठकांचं पॅकेज, बारा हजार आगाऊ. चौथ्या बैठकीत त्याने पोराच्या चालू गोळ्या बंद करायला सांगितल्या. पावती मागितली तर गुळगुळीत कागदावर सूर्योदयाचं चित्र, खाली सही, नंबर कसलाच नाही. पोरगं पुढे दोन महिने अंथरुणातून उठलं नाही.

म्हणून 'लायसन नसतंच' असं म्हणून सगळ्यांना एका दावणीला बांधू नका. नंबर विचारा. टेलिमेडिसिनच्या नियमात डॉक्टरला आपला नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर आणि फीच्या पावतीवरही छापावा लागतो, आणि पावती देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. पैसे फोनवरून पाठवले म्हणजे पावती मागायची लाज वाटायचं कारण नाही.

तीच पावती विम्याला लागते. 'ह्या आजाराला विमा नाही' हे साफ चूक. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ पासून. त्यातलं कलम २१ म्हणतं की शरीराच्या आजाराला जसा विमा, तसाच मनाच्या आजाराला द्यायचा. विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसं कळवलं, आणि कंपन्या टंगळमंगळ करतायत म्हटल्यावर २०२२ मध्ये ३१ ऑक्टोबरची मुदत घालून पुन्हा बजावलं. तरी लोक हात हलवत परत येतात, ते का? एक, बहुतेक साध्या पॉलिशा दवाखान्यात भरती झाल्यावरच पैसे देतात, आणि मनाचे उपचार बहुतांश ओपीडीत होतात. ओपीडीची सोय पॉलिशीत असेल तर फोनवरचा सल्लाही त्यात धरायचा, असं नियामकाने जून २०२० मध्येच सांगितलंय. नसेल तर डोकं आपटून उपयोग नाही. दोन, पॉलिशी घेताना एजंट म्हणतो, "डिप्रेशनचं कशाला लिहिताय, हप्ता वाढेल." तुम्ही लिहीत नाही, आणि तिथंच गळा अडकतो. आधीच्या आजारासाठी थांबायची मुदत एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणलीय. तीन वर्षं थांबणं परवडतं, लपवलेलं सापडणं परवडत नाही.

जीएसटीचं एका वाक्यात: डॉक्टरच्या उपचारांच्या फीवर जीएसटी नाही. कुणी लावला असेल तर आधी तो डॉक्टरच आहे का ते बघा.

आता 'नाव नोंदलं जातं' ही भीती. हिला मी हसणार नाही, कारण माझ्या काउंटरवर लोक आवाज खाली करून गोळ्या मागतात, आणि ओळखीचं कुणी आलं की पटकन पॅरासिटामॉल सांगतात. नोंद होते का? होते. झोपेच्या काही गोळ्या एच-१ यादीत आहेत, त्यासाठी माझ्याकडे निळ्या पुठ्ठ्याचं रजिस्टर आहे. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. तीन वर्षं जपायचं, औषध निरीक्षक आला की दाखवायचं. ते ना पोलीस ठाण्यात जातं, ना तुमच्या साहेबाकडे. डॉक्टरकडचे कागद तर मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ ने गुप्त ठेवायचे आहेत. पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून आज माणसाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. पासपोर्टच्या अर्जात असा रकानाच नाही. लग्नाचं म्हणाल तर तिथं कायदा नाही, शेजारी बघतात.

मेसेजमध्ये जे एक वाक्य हवं होतं ते नव्हतंच. १४४१६ हा मनाच्या त्रासावर फोनवरून मदत करणाऱ्या टेलिमानसचा नंबर, सरकारी, फुकट, चोवीस तास, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू. भाषा निवडताना मराठी निवडता येते. खानापुरातून लावला तरी.

जांबोटीच्या वैनींच्या चिठ्ठीवर अजून तीन आठवड्यांच्या गोळ्या बाकी होत्या, तेवढ्या दिल्या. पण सासऱ्यांना डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिलं ते दिवाळीच्या आधी, म्हणजे सहा महिने कधीच उलटले. ह्यापुढे व्हिडिओवर दिसावं लागेल, आणि त्यांच्या घरी रेंज म्हणजे जांभळाच्या झाडाखाली एक कांडी. येत्या मंगळवारी त्या सासऱ्यांना घेऊन दुकानातच येणार आहेत. मागच्या खोलीत वायफाय आहे, एक खुर्ची आहे. पंखा फार खडखडतो, तो तेवढा वेळ बंद ठेवीन.