मोठी चाकं की हलकी गाडी? मुलुंडच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. तुमची कमेंट वाचली आणि उत्तर लांबणार हे तेव्हाच कळलं, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं की मुंबईत एका बाळासाठी एकच स्ट्रोलर, म्हणजे बाबागाडी, घ्यायची असेल तर सहा-सात किलोच्या आतली, एका हाताने दुमडता येणारी घ्या. त्यावर काकांचं म्हणणं असं, की ही छोट्या चाकांची गाडी म्हणजे खेळणं आहे, पेव्हर ब्लॉकवर बाळाचं अंग खिळखिळं होतं, त्यांनी दीड वर्षाच्या नातवाला मोठ्या चाकांची बारा किलोची घेतलीय ती मस्त चालते, आणि हल्लीच्या आया बाळाचं सुख सोडून स्वतःची सोय बघतात. शेवटचं वाक्य मला लागलं काका, खरं सांगते.

चाकांचं तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे. चाक जेवढं मोठं तेवढं ते खाचखळगा सहज चढून जातं, छोटं चाक पेव्हरच्या फटीत अडकतं आणि गाडी जागच्या जागी गचकन थांबते, बेल्ट लावलेला नसेल तर बाळ पुढे येतं. म्हणून हलक्यातही मी अगदी चिमुकल्या जोडचाकांची घेऊ नका म्हणते, पुढच्या चाकांना सस्पेन्शन हवं, आणि खराब पट्टा आला की हँडल खाली दाबून पुढची चाकं उचलायची किंवा गाडी उलटी फिरवून मागच्या चाकांवर ओढत न्यायची, एवढं जमलं की बरंच काम होतं.

पण काका, तुम्ही लिहिलंय की तुमच्या कॉम्प्लेक्सला मोठी लिफ्ट आहे, खाली रॅम्प आहे, पोडियमवर बाग आहे. तिथे बारा किलोची गाडी उत्तमच, ती विकून हलकी घ्या असं मी अजिबात म्हणणार नाही. मी दादरला राहते, जुन्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आणि लिफ्ट असलेल्या जुन्या बिल्डिंगांमध्येही जाळीच्या दाराची एवढुशी लिफ्ट असते, त्यात मोठी गाडी उघडी शिरतच नाही. मग खाली उतरलं की फूटपाथ, फूटपाथच्या तोंडाशी बाइकवाले चढू नयेत म्हणून ठोकलेले खांब, ते इतके जवळजवळ की व्हीलचेअर आत जात नाही, यावर २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली होती. जिथे व्हीलचेअर अडते तिथे रुंद बाबागाडीही अडतेच, मग आई काय करते, गाडी बाळासकट उचलते नाहीतर रस्त्यावर उतरते, आणि रस्त्यावर बेस्टची बस येत असते.

पुढे टॅक्सी. डिकीत निम्मी जागा सीएनजीच्या सिलिंडरने खाल्लेली असते, ओला-उबरच्या छोट्या गाड्यांतही बऱ्याचदा तेच. मोठी गाडी चाकं काढल्याशिवाय बसत नाही, आणि मागे हॉर्न वाजत असताना एका हातात बाळ धरून चाकं कोण काढणार? रिक्षात हलकी गाडी दुमडून पायाशी किंवा सीटच्या मागे मावते, पण रिक्षा वांद्रे-सायनच्या पलीकडे, आमच्याकडे तीही नाही. लोकलचं तर सोडाच, पुलाचे जिने, फलाटाची फट, डब्यात चढायला काही सेकंद. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला लोकलने न्यायचंच असेल तर गाडी घरी ठेवून बाळाला अंगाशी बांधायचं कॅरिअर नाहीतर आपले हातच बरे. मेट्रोला लिफ्ट असते ते मात्र खरंच सुख आहे, फक्त लिफ्टपर्यंत चालायचा कंटाळा करून एस्कलेटरवर गाडी चढवू नका, चाक पायरीवरून सटकलं तर बाळासकट खाली जाते.

म्हणजे मुंबईत गाडी जेवढी ढकलतो तेवढीच उचलावी लागते, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. वर्षाचं बाळ साधारण नऊ किलोचं, तुमची गाडी बारा, म्हणजे एकवीस किलो घेऊन जिना उतरायचा, तोही ओढणी किंवा पदर सांभाळत, पायाखालची पायरी दिसत नसताना. सहा किलोची गाडी असली की एक हात मोकळा राहतो आणि त्या हाताने कठडा धरता येतो. हिला तुम्ही आईची सोय म्हणालात. ती बाळाची सुरक्षितता आहे काका, जिन्यावर आईचा तोल गेला तर बाळही पडतं. आणि रागावू नका पण एक विचारते, सूनबाई एकटी नातवाला घेऊन डॉक्टरकडे जाते तेव्हा ती गाडी नेते का? एकदा तिला विचाराच.

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. छत्रीसारखी दुमडणारी हलकी बाबागाडी काढली ती एका आजोबांनीच. ओवेन मॅक्लारेन नावाचे ब्रिटिश विमान इंजिनिअर, स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेले. त्यांची मुलगी परदेशातून नातवंडाला घेऊन आली आणि जड गाडीने तिची प्रवासात कशी त्रेधा उडते ते त्यांनी पाहिलं, मग १९६५ मध्ये अ‍ॅल्युमिनियमची तीन किलोच्याही आतली गाडी बनवली. पण त्याच कंपनीला २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे दहा लाख गाड्यांसाठी रिकॉल, म्हणजे विकलेल्या गाड्यांतल्या दोषाची जाहीर दुरुस्ती, काढावा लागला, कारण उघडताना बिजागरीत मुलांची बोटं सापडून टोकं तुटली होती. म्हणून गाडी उघडताना-मिटताना बाळ दोन हात लांब, हा नियम आमच्या घरात आजी-आजोबांपासून सगळ्यांना आहे. तुमच्या गाडीलाही तो लागू आहे बरं का.

हलकी घ्या म्हणजे काहीही घ्या असं नाही. सहा महिन्यांच्या आतलं, मान-पाठ न धरणारं बाळ असेल तर पाठ पूर्ण आडवी होणारीच हवी, अर्धवट बसत्या सीटमध्ये हनुवटी छातीवर टेकते आणि श्वास अडतो, इथे वजन-बिजन सगळं बाजूला. बेल्ट फाइव्ह पॉइंट, खांद्यावरचे दोन, कमरेचे दोन, मधला एक, आणि गेटपर्यंत जायचं असलं तरी लावायचा. ब्रेक दुकानात उतारावर लावून बघा. हलक्या गाडीचा खरा दोष चाकांपेक्षा हा आहे की हँडलला भाजीची पिशवी अडकवली आणि बाळाला उचललं की गाडी मागे उलटते, बाळ आत असतानाही उलटू शकते, तेव्हा पिशवी खालच्या बास्केटमध्ये. तोंड आपल्याकडे फिरवता येणारी सीट मिळाली तर फार छान, ब्रिटनमध्ये डंडी विद्यापीठाच्या २००८ च्या अभ्यासात दिसलं होतं की बाळाचं तोंड आपल्याकडे असलं की आईबाप त्याच्याशी दुप्पट बोलतात. पण त्यापायी वजन चार किलोंनी वाढत असेल तर मी सोडून देईन आणि थांबून, वाकून बोलेन.

पावसाळ्याचं कुणी विचारलं नव्हतं तरी सांगते. जून ते सप्टेंबर कापड काढून धुता येईल अशीच गाडी हवी, ओली दुमडून ठेवली की दोन दिवसांत बुरशी. साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊच नका, नेली तर चाकं साबणाने धुवा. आणि मे महिन्यात ऊन लागतं म्हणून गाडीवर ओढणी पांघरणाऱ्या खूप जणी शिवाजी पार्कात दिसतात, कृपा करून नको, आत हवा कोंडते आणि उष्णता वाढते, त्यापेक्षा मोठी कॅनोपी, म्हणजे वरचं छत, असलेली गाडी घ्या आणि सावली-सावलीने चला.

शेवटी तुमचा प्रश्न, की दीड वर्षाचा नातू अजून किती दिवस गाडीत बसेल. वयापेक्षा वजन बघा, फ्रेमवर किंवा बॉक्सवर मर्यादा लिहिलेली असते. युरोपातल्या ईएन १८८८ मानकात १५ किलोपर्यंतच्या आणि त्यापुढे २२ किलोपर्यंतच्या मुलांच्या गाड्यांचे दोन वेगळे भाग आहेत. तुमची १५ वाली असेल तर साधारण तीन-साडेतीन वर्षांपर्यंत चालेल, फक्त खांद्याचे पट्टे त्याच्या उंचीप्रमाणे वरच्या खाचेत घ्यायला विसरू नका.