थकावं तर सरकारसारखं

घराच्या कर्जाचे तीन हप्ते चुकले ना? मग गांगरून जायचं काही कारण नाही. नव्वद दिवस उलटले की तुमचं कर्ज बँकेच्या वहीत भाकड होतं. भाकड गाईचं काय करायचं यावर आपल्याकडे अजून एकमत नाही, भाकड कर्जाचं मात्र २००२ सालीच ठरून गेलंय. त्या कायद्याला सरफेसी म्हणतात. कोर्टात जायची भानगड नाही. फिर्यादी बँक, निकाल बँकेचा, आणि दाराला सील ठोकायला जिल्हाधिकाऱ्यांच्या हुकमाची माणसं. एक खिडकी योजना म्हणतात ती हीच. (जन्मदाखल्याला ज्या चार खिडक्या लागतात, त्या वेगळ्या.)

पहिली नोटीस साठ दिवसांची. गल्लीतला प्रत्येक जण सांगेल, घेऊ नको बे, 'मालक गावाला गेलेत' म्हणून परत धाड. त्यांचं ऐकू नका. परत धाडलेली नोटीस दारावर चिकटते आणि तिथून पेपरात जाते. त्यापेक्षा घ्या आणि लेखी हरकत द्या. हरकतीला बँकेनं पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. उत्तर बहुतेक 'अमान्य' असंच येतं. पण खरं सांगा, तुमच्या पत्राला आजवर कुठल्या कचेरीनं पंधरा दिवसांत उत्तर दिलं होतं?

साठ दिवस सरले की सांकेतिक ताबा. बाहेरगावच्या माणसाला ही कल्पना समजायला जड जाते. घरात तुम्हीच राहता, फोडणी तुमची, भांडणं तुमची, पण ताबा बँकेचा. सोलापूरकराला हे चटकन कळतं. उजनी भरलेलं असतं, नळ आपल्या दारात असतो, पाणीपट्टीची पावती आपल्या नावाची असते, आणि पाणी चार-पाच दिवसांआड येतं. इतकी वर्षं आपण ज्याला नळ म्हणतो तो सांकेतिकच आहे.

मग पेपरात नाव. एक नव्हे, दोन पेपरांत, आणि त्यातला एक आपल्या भाषेतला हवा असा नियमच आहे. मराठी भाषेची एवढी काळजी दुसरं कोण घेतं? ही जाहिरात जपून ठेवा. 'ज्याअर्थी निम्नस्वाक्षरीकार हे प्राधिकृत अधिकारी असून' इथून निघालेलं वाक्य 'त्याअर्थी'ला पोचेपर्यंत वाचणाराच थकबाकीदार होतो. निम्नस्वाक्षरीकार म्हणजे ज्यानं खाली सही केली तो. घाबरू नका, माणूसच असतो. शेवटी चतुःसीमा येतात: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्यांचं घर. सामाईक भिंतीवरून ज्याच्याशी दहा वर्षं अबोला आहे, तो शेजारीसुद्धा तुमच्या पश्चिमेला छापून येतो. सकाळी सातच्या आत वहिनींच्या माहेरून फोन येईल. तुमची लग्नपत्रिकासुद्धा इतक्या घरांत पोचली नव्हती.

आता तुमची चूक कुठे झाली ते सांगतो. तुम्ही मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन खरं बोललात. म्हणालात, "साहेब, अमेरिकेनं २०२५ च्या ऑगस्टात आपल्या मालावर ५० टक्के कर लावला, टॉवेलच्या ऑर्डरी अडकल्या, मालकानं माग आठवड्यातून तीनच दिवस चालवले, पगार निम्मा झाला, तेव्हापासून घडी बसलीच नाही." साहेबांनी मान डोलावली, पाणी विचारलं, आणि म्हणाले, "ते झालं हो, पण हप्ता कधी?" घरात पैसे नाहीत हे असं सांगायचं असतं का? सरकार कधी असं म्हणालेलं ऐकलंय? सरकारला पैसे कमी पडतात तेव्हा त्याला महसुली तूट म्हणतात. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ती ४५,८९१ कोटींची धरली होती, आणि वर्षाअखेर डोक्यावर होणारं कर्ज ९ लाख ३२ हजार २४२ कोटींचं. मंत्रालयाच्या फाटकावर कुणी कागद चिकटवला? चिकटवला असता तर चतुःसीमा काय लिहिल्या असत्या हा प्रश्नच आहे, पश्चिमेला तर समुद्रच.

शिवाय मार्चात बजेट मांडायचं आणि जून संपता संपता ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडायच्या, ही पद्धत आपल्या घरात आधीपासून आहे. एक तारखेला किराण्याची यादी आणि दहा तारखेला 'अहो, तेल संपलं'. फरक एवढाच की तिकडे ते बहुमतानं मंजूर होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोजायचं कसं ते शिका. तुमचं कर्ज बँक तुमच्या पगाराशी ताडून बघते आणि कपाळाला हात लावते. सरकारचं कर्ज सरकारच्या पगाराशी ताडतच नाहीत. ते अख्ख्या राज्यातल्या सगळ्या माणसांच्या, कारखान्यांच्या, शेतांच्या मिळून उत्पन्नाशी ताडतात. त्यात सोलापूरच्या चादरी आल्या, मुंबईचा शेअर बाजार आला, तुमचा निम्मा झालेला पगारसुद्धा आला. मग आकडा निघतो १९ टक्क्यांच्या आसपास आणि सगळे सुस्कारा सोडतात: मर्यादेत आहे. तेव्हा पुढच्या वेळी जाताना कागद-पेन्सिल घेऊन जा. मॅनेजरला म्हणा, माझं बावीस लाखांचं कर्ज माझ्या पगाराशी कशाला लावता, अख्ख्या जुळे सोलापूरच्या स्थूल उत्पन्नाशी लावा ना. सगळे माझ्याच कॉलनीतले आहेत. दशांशचिन्हापुढची शून्यं मोजता मोजता साहेबांचा चष्मा घसरेल.

तेवढ्यानं भागलं नाही तर व्यवहार्यता तफावत निधी मागा. हा शब्द पाठ करून जा, मध्ये अडखळू नका. सोलापूरहून पुणे-मुंबईला विमान उडावं म्हणून राज्य सरकारनं २०२५ मध्ये एका सीटमागे ३,२४० रुपये द्यायचं ठरवलं, त्याचं हे नाव. तिकिटातून जेवढं सुटतं आणि विमान कंपनीला जेवढं सुटायला हवं, त्यातलं अंतर म्हणजे तफावत. (विमानाला वाट मिळावी म्हणून २०२३ च्या जूनमध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणीही पाडून झाली होती. इथल्या गिरण्यांच्या चिमण्या गार पडायला सरकारला एवढेही कष्ट पडले नव्हते.) आता मला सांगा, तुमचा पगार आणि तुमचा हप्ता यांच्यामध्ये जे अंतर आहे ते काय वेगळं आहे? तफावतच. व्यवहार्य तर तुम्ही कधीच नव्हता. अर्ज करा. फक्त तुम्ही जमिनीवर असल्यामुळे तो कुठल्या खात्याकडे करायचा हे शोधावं लागेल.

राज्य सरकार अगदीच हात आखडता घेतं असं म्हणणं कृतघ्नपणाचं होईल. २०२० च्या कोरोनात विकासकामांना फक्त ३३ टक्के पैसे, नोकरभरती बंद, अशी काटकसर ४ मेला जाहीर झाली होती. त्याच जुलैत शालेय शिक्षण खात्यासाठी सहा मोटारी घ्यायला मंजुरी मिळाली, एकेक २२ लाख ८३ हजारांची. शाळा तेव्हा बंद होत्या, पण खातं चालू होतं ना. आणि सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सूट दिली, घर घेणाऱ्यांना. ज्यांचं घर हातचं चाललं होतं त्यांना रिझर्व्ह बँकेनं सहा महिने हप्ता लांबवायची मुभा दिली. तेवढ्या सहा महिन्यांचं व्याज मुद्दलात चढत राहिलं ते आपल्याला नंतर कळलं. खोटं कशाला बोला, छापलेलं होतं. बारीक होतं.

हप्ता म्हटलं की आठवलं. सरकारकडूनही एक हप्ता येतो, दीड हजारांचा, वहिनींच्या खात्यावर. त्याला उशीर झाला तर कुणी नव्वद दिवस मोजत नाही. दोन महिन्यांचे एकदम आले की उलट सणाला ओवाळणी मिळाली म्हणतात. २०२४ च्या पहिल्या खेपेला राखीपौर्णिमेआधी तीन हजार पडले, आणि काही बँकांनी ते परस्पर जुन्या थकबाकीत वळते करून घेतले. असं करू नका म्हणून सरकारला सांगावं लागलं. तुम्हीही बँकेला कळवून टाका: जुलै-ऑगस्टचा हप्ता एकत्रित, राखीपौर्णिमेच्या मुहूर्तावर जमा करण्यात येईल, कृपया लाभार्थींनी अफवांवर विश्वास ठेवू नये.

अमेरिकेत हे सगळं सोपं होतं म्हणे. २००८ च्या मंदीत कॅलिफोर्नियातल्या कित्येकांनी चाव्या पाकिटात घातल्या आणि बँकेला टपालानं धाडल्या. राहतं घर घ्यायला काढलेलं कर्ज तिथे बहुधा त्या घरापुरतंच असतं, घर दिलं की मोकळे. आणि तिथलं राज्य सरकार तरी कसं, २००९ च्या जुलैत तिजोरीत खडखडाट झाला तेव्हा ज्यांचं देणं होतं त्यांना पैशांऐवजी चिठ्ठ्या दिल्या, ऑक्टोबरात या म्हणून. मंगळवार बाजारात अशी चिठ्ठी चालवून बघा.

आपल्याकडे चावी धाडून सुटका नाही. लिलावात कमी आलं तर उरलेली बाकी तुमच्या मागे येते, आणि तुम्ही सापडा न सापडा, जामीनदाराच्याही. हा मुद्दा मी पोटतिडकीनं मांडतोय, कारण मी एकाचा जामीनदार आहे. सही केली त्या संध्याकाळी त्यानं मला पार्क चौपाटीवर पावभाजी खाऊ घातली होती, वर जादा पाव. आता तो फोन उचलत नाही आणि बँकेचा फोन मला उचलावा लागतो. यावरून एक शिकलो ते सांगतो: जामीनदार बघून करावा. राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात, अशी आपण छाती फुगवतो. त्यातल्या एखाद्या चेअरमनला विचारा, तुमचा जामीन कोण? तो पावभाजी खाऊ घालत बसत नाही. त्याला शासनाची थकहमी असते. शब्दच बघा किती आश्वासक आहे, थकण्याची हमी.

आता लिलाव. इथे एक गंमत अनुभवायला मिळते. १ एप्रिल २०२५ ला रेडी रेकनरचे दर वाढले, राज्याची सरासरी ३.८९ टक्के, आणि महापालिकांमध्ये पहिला नंबर सोलापूरचा, १०.१७ टक्के. मुंबई-पुणे मागे पडले. म्हणजे सरकारदरबारी तुमचं घर महाराष्ट्रात सगळ्यांत जोरात महाग झालं. आणि तेच घर बँकेच्या लिलावात पहिल्या फेरीला उठलं नाही तर दुसऱ्या फेरीत राखीव किंमत उतरते, तिसऱ्यात आणखी. घेताना रेकनर, जाताना भंगार. तो सरकारी दरतक्ता मॅनेजरला नेऊन दाखवा. तो दाखवणारे तुम्ही पहिले नसाल.

मधल्या काळात कुठून तरी पैसे उभे राहिले तर लिलावाची जाहिरात निघायच्या आत भरा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर जाहिरात छापून आली की सोडवून घ्यायचा हक्क गेला. कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागायला ४५ दिवस असतात. न्यायाधिकरण अर्थातच सोलापुरात नाही, तेव्हा पुण्याला जाणाऱ्या सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसचे वेळापत्रक बघून ठेवा. हे दोन सल्ले उपरोधानं देत नाहीये.

एवढं करूनही तो दिवस उजाडलाच, दारात नायब तहसीलदार, पोलीस, पंच आणि निम्नस्वाक्षरीकार उभे राहिले, तर भांडू नका, चहा विचारा. देव्हारा, कागदपत्रं, औषधं, पोरांची दप्तरं आदल्या रात्री काढून ठेवा. आणि ताबा घ्यायची तारीख आपल्या भागात पाणी येण्याच्या दुसऱ्या दिवशी पडत असेल, तर रात्री उठून टाकी भरू नका. 'जेथे आहे, जसे आहे, जे आहे' या तत्त्वावर विक्री असते. पाणीही त्यातच जातं.