खत वाढवून सावलीतला गुलाब फुलत नाही

‘सावलीतल्या गुलाबाला फुलं येत नसतील तर खत दुप्पट करा’ असा सल्ला सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे आणि त्याने झाडाचं नुकसानच होतं. कळी धरायला लागणारी साखर पानं उजेडातून तयार करतात. खतातून ती मिळत नाही. उजेड कमी आणि खतातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की काड्या लांब, लुसलुशीत वाढतात, दोन पानांमधलं अंतर वाढतं आणि शेंड्याला कळीच दिसत नाही. अशा कोवळ्या फुटीवर मावा ही रस शोषणारी बारीक कीडही लगेच बसते.

बहुतेक गुलाबांना रोज 6 तास थेट ऊन हवं. 4 तासांवर भागवणारे मोजकेच, उदाहरणार्थ आइसबर्ग ही जात. दिवसभर दर तासाला बघून ऊन आधी नीट मोजा. कमी भरलं तर कुंडी हलवा, नाहीतर वरच्या झाडाच्या फांद्या विरळ करा. शक्यतो सकाळचं ऊन निवडा, कारण दव लवकर वाळतं. पान सात-आठ तास ओलं राहिलं की काळ्या ठिपक्यांची बुरशी रुजते, मग पान पिवळं पडून गळतं. म्हणून पाणी बुंध्याशीच घाला, तेही बोटाची दोन पेरं खाली माती कोरडी लागली तर.