कोकणकडा आणि त्याच्या नावाने फिरणारे दावे

पावसाळा तोंडावर आला की हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याविषयीचा एक संदेश भटक्यांच्या गटांमधून हमखास फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा: कोकणकडा हा जगातील सर्वांत उंच अंतर्वक्र कडा आहे (काही आवृत्त्यांत ‘आशियातील दुसऱ्या क्रमांकाचा’), त्याचा अर्धवर्तुळाकार म्हणजे एका प्राचीन ज्वालामुखीच्या मुखाची उरलेली कड होय, इंद्रवज्र (धुक्यावर पडलेल्या सावलीभोवतीची रंगीत वलये) जगात केवळ येथेच दिसते आणि ब्रिटिश काळातील लष्करी अधिकारी कर्नल साईक्स यांनी ते १८३५ साली पाहिले, आणि कड्यावरून खाली टाकलेली कोणतीही वस्तू गुरुत्वाकर्षण झुगारून परत वर येते. कोकणकड्यावर जीव असणारी माणसेच हा संदेश पुढे पाठवतात, हे मला ठाऊक आहे आणि म्हणूनच त्यातील प्रत्येक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

प्रथम उंचीचा दावा. हरिश्चंद्रगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १,४२५ मीटर उंच आहे आणि कोकणकड्याची कड त्याहून खाली आहे. कड्याच्या उंचीचे अनेक आकडे प्रचलित आहेत आणि त्यांत दुपटीचाही फरक आढळतो, कारण ते दोन वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. कडेपासून पायथ्याच्या बेलपाडा गावाच्या पातळीपर्यंतची एकूण खोली हजार मीटरच्या घरात जाते. परंतु त्या खोलीचा मोठा भाग झाडीने भरलेल्या तीव्र उताराचा, घळींचा आणि सोंडांचा आहे. सलग उभा आणि मध्ये आत गेलेला कातळ मात्र साधारण अर्ध्या किलोमीटरचा धरला जातो. कडा म्हणून मोजायचा असेल तर हा दुसरा आकडा घ्यावा लागतो.

आता जगाकडे पाहू. कॅनडाच्या बॅफिन बेटावरील माउंट थॉर या शिखराचा पश्चिमेकडील कडा सुमारे १,२५० मीटर उंच असून त्याचा सरासरी कोन १०५ अंशांचा सांगितला जातो, म्हणजे तो लंबरेषेच्याही पंधरा अंश बाहेर झुकलेला आहे. नॉर्वेतील ट्रोलवेगन ही भिंत सुमारे १,१०० मीटरची असून तिचा माथा पायथ्याच्या रेषेपुढे कित्येक मीटर झेपावतो. कॅलिफोर्नियातील योसेमिटी दरीतला एल कॅपिटन हा ग्रॅनाइटचा कडा सुमारे ९०० मीटरचा आहे. ‘आशियातील दुसरा’ हा दावाही टिकत नाही, कारण काराकोरम पर्वतातील ग्रेट ट्रँगो टॉवरची पूर्वेकडील भिंत एकटीच सुमारे १,३४० मीटरची आहे आणि त्याच परिसरात तशा आणखी भिंती उभ्या आहेत. कोणी म्हणेल, उभ्या कातळाऐवजी एकूण खोलीच मोजा. तसे केले तर नंगा पर्वताची रुपल बाजू सुमारे ४,६०० मीटरची आहे. म्हणजे कोणतीही पट्टी लावली तरी पहिला क्रमांक कोकणकड्याकडे येत नाही. शिवाय फक्त अंतर्वक्र कड्यांची सर्वमान्य जागतिक यादी अस्तित्वातच नाही, त्यामुळे तसा क्रमांक देण्याला काही आधारही उरत नाही.

हे सांगताना कोकणकड्याला कमी लेखण्याचा माझा यत्किंचितही हेतू नाही. वर उल्लेखिलेल्या भिंतींपैकी थॉर, एल कॅपिटन आणि ट्रँगो या ग्रॅनाइटच्या किंवा त्याच्या जवळच्या खडकाच्या आहेत, आणि असा एकसंध खडक प्रचंड उंचीपर्यंत अखंड उभा राहू शकतो. कोकणकडा बेसॉल्टचा आहे. एकावर एक साचलेल्या लाव्हाच्या थरांतून अर्धा किलोमीटर उभा, आणि वर पुन्हा पुढे झुकलेला, असा कडा तयार होणे ही स्वतंत्र कुतूहलाची गोष्ट आहे, आणि ती क्रमांकाच्या नादात कोणी पाहतच नाही.

येथूनच ज्वालामुखीच्या मुखाचा दावा तपासता येतो. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडला, हे खरे. परंतु तो मुख्यतः जमिनीतील लांबच लांब भेगांमधून आला आणि दूरवर सपाट पसरत गेला. आजही त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा प्रदेश व्यापलेला आहे. कोकणकड्याची भिंत समोरच्या एखाद्या सोंडेवरून नीट न्याहाळली, तर आडवे पट्टे स्पष्ट दिसतात: घट्ट बेसॉल्टचा काळा उभा टप्पा, त्याखाली सच्छिद्र, झिजलेला मऊ थर, त्या थराच्या अरुंद कंगोऱ्यावर वाढलेले गवत, आणि पुन्हा काळा टप्पा. हे पट्टे भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ समपातळीत जातात. ज्वालामुखीच्या मुखाभोवतीचे थर सामान्यतः मुखापासून बाहेरच्या दिशेने उतरते असतात. येथे तसे काहीही दिसत नाही.

मग अर्धवर्तुळ आले कोठून? ते झिजेतून आले. पश्चिम किनाऱ्यावरून सेशेल्सचा भूखंड सुटून गेला, अरबी समुद्र जवळ आला, आणि त्याच्याकडे धावणाऱ्या आखूड, वेगवान ओढ्यांनी पठाराची कड मागे मागे कोरत नेली. मऊ थर आधी झिजतो, वरच्या घट्ट थराचा आधार सुटतो, आणि थंड होताना खडकात पडलेल्या उभ्या सांध्यांवरून त्याची मोठी ढलपी निखळून खाली येते. भिंत पुन्हा उभीच राहते, मात्र थोडी पूर्वेकडे सरकून. जेथे अनेक ओढ्यांची डोकी एकत्र आली, तेथे या माघारीला कमानीचा आकार आला. आजही गडाच्या माथ्यावरचे बहुतेक पाणी मुळा, प्रवरा आणि गोदावरी या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळते, तर कड्यावरून पडणारे पाणी काळू आणि उल्हास नद्यांतून अरबी समुद्र गाठते. ही माघार अद्याप थांबलेली नाही. त्यामुळे कडेवर छायाचित्रासाठी उभे राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की पायाखालचा थर आतून कोरलेला असू शकतो. पालथे झोपून खाली डोकावण्याची जुन्या भटक्यांची पद्धत उगाच पडलेली नाही.

इंद्रवज्राविषयी सर्वांत जास्त गोंधळ आहे. धुक्यावर पडलेल्या आपल्या सावलीच्या डोक्याभोवती रंगीत वलये दिसणे, हे या दृश्याचे स्वरूप. त्यासाठी पाठीमागे सूर्य आणि समोर, डोळ्यांच्या पातळीखाली, धुके लागते. सूक्ष्म थेंबांतून प्रकाश आल्या दिशेने परत फिरतो आणि वलये उमटतात. साध्या इंद्रधनुष्याची त्रिज्या सुमारे ४२ अंशांची असते. ही वलये त्यापेक्षा फारच लहान असतात, म्हणून ‘पूर्ण गोल इंद्रधनुष्य’ हे वर्णन ऐकायला चांगले असले तरी शास्त्रदृष्ट्या अचूक नाही. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. म्हणजे सूर्य पाठीशी असायला हवा असेल तर वेळ सकाळची हवी. संध्याकाळी सूर्यास्त पाहता पाहता इंद्रवज्रही दिसेल या आशेने बसून राहणारे अनेक जण असतात; समोरच सूर्य असताना ते दिसणे शक्य नाही.

‘केवळ येथेच’ हा शब्दप्रयोग तर पूर्णपणे चुकीचा आहे. जर्मनीच्या हार्ट्स पर्वतातील ब्रोकेन शिखरावरील अशा सावलीचे वर्णन योहान सिल्बरश्लाग यांनी १७८० साली केले आणि त्या शिखराचे नाव या दृश्याला जगभर चिकटले. त्याच्याही आधी, पृथ्वीचा आकार मोजण्यासाठी दक्षिण अमेरिकेत गेलेल्या फ्रेंच मोहिमेतील पिएर बुगे यांनी अँडीज पर्वतात ही वलये पाहिली होती. चीनमधील एमेई पर्वतावर यात्रेकरू त्यांना बुद्धाची प्रभा मानत आले आहेत. स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस शिखरावरील वेधशाळेत सप्टेंबर १८९४ मध्ये सी. टी. आर. विल्सन यांनी हीच वलये पाहिली, ती प्रयोगशाळेत उमटवून पाहण्याच्या खटपटीतून त्यांनी मेघकोष्ठ हे उपकरण घडवले, आणि त्या उपकरणाने अतिसूक्ष्म कणांचे मार्ग डोळ्यांना दाखवल्याबद्दल त्यांना १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कोकणकड्यावरच्या वलयांचे नाते अशा मोठ्या शोधाशी आहे, हे सांगितले तर कड्याचे महत्त्व वाढतेच.

साईक्स यांच्याबाबतीत संदेश अर्धा बरोबर आहे. दख्खनच्या हवामानावरील त्यांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३५ साली छापला आणि हरिश्चंद्रगडावर पाहिलेल्या या दृश्याची नोंद त्यात आहे. परंतु ते वर्ष छपाईचे होय. साईक्स त्यापूर्वीच हिंदुस्थान सोडून गेले होते, त्यामुळे त्यांचे प्रत्यक्ष निरीक्षण त्याआधीच्या वर्षांतलेच ठरते. ‘शोध लावला’ हा शब्दही येथे लागू पडत नाही. गडाच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांच्या नजरेतून हे दृश्य सुटले असेल, असे मानायला काही कारण नाही.

राहता राहिला खाली टाकलेली वस्तू परत येण्याचा दावा, आणि तोच सर्वांत घातक आहे. नैऋत्येकडून येणारा मोसमी वारा कोकण ओलांडून या भिंतीवर आदळतो, त्याला वर चढण्यावाचून मार्ग नसतो, आणि कमानीच्या आकारामुळे तो एकवटतो. वस्तू अधांतरी राहायची असेल तर वर येणाऱ्या वाऱ्याचा वेग तिच्या पडण्याच्या अंतिम वेगाइतका तरी असावा लागतो. पावसाच्या मोठ्या थेंबाचा तो वेग सेकंदाला सुमारे नऊ मीटर असतो, म्हणून जोराच्या वाऱ्यात धबधब्याचे तुषार उलटे उडतात. वाळलेले पान, टोपी, कागद हेही परत येतात. यात गुरुत्वाकर्षणाचा भंग कोठेही होत नाही. मुठीएवढा दगड मात्र त्या उंचीवरून ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने खाली जातो, आणि त्याला अडवील असा वारा कोकणकड्यावर वाहत नाही. संदेश वाचून लोक नाणी, दगड, भरलेल्या बाटल्या टाकून पाहतात. खाली नळीच्या वाटेने दोराच्या आधाराने चढणारी माणसे असतात, जंगलात गुरे आणि लाकूडफाटा गोळा करणारे बेलपाड्याचे लोक असतात. संदेशातील बाकी काही बदलायचे नसेल तर निदान हे वाक्य वगळूनच तो पुढे पाठवावा.