पूर ओसरला, मग दुकान आता का बंद पडतंय?

परवा रात्री बडोद्यातल्या लकडी पुलाजवळच्या आमच्या ओट्यावर मोदकांवरून आवाज चढले. विनूने बातमी आणली होती : वहिनी यंदा, म्हणजे 2025 ला, गणपतीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेणार नाहीत, आणि दिवाळीनंतर जागाच सोडणार आहेत.

वहिनींचं हॉटेल अकोट्याच्या सखल भागात आहे. सहा टेबलं, भाड्याची जागा. थालीपीठ, मिसळ, श्रावणात उपवासाची थाळी. सेव-उसळीवर वाढलेली बडोद्याची गिऱ्हाइकं मिसळीवर जादा सेव मागतात आणि वहिनी न कुरकुरता घालतात. दादा गेल्यापासून हे सगळं त्या एकट्या ओढताहेत.

विनूचं म्हणणं रोखठोक. "पुराला वर्ष होत आलं. माझंही दुकान फतेगंजात बुडालं होतं. उभा राहिलोच ना? धंदा म्हटला की हे आलंच."

"तुझं हार्डवेअरचं दुकान," आमच्यातला सीए म्हणाला. "तू पाइप धुऊन विकलेस. ती पिठी धुऊन विकणार होती का?"

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. 2024 साली पाणी चढलं ते गोकुळाष्टमीला, 26 ऑगस्टच्या सुमाराला. गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला, म्हणजे दोन आठवडेही हातात नव्हते. वहिनींनी मोदकांची पिठी, गूळ, तूप, वेलची असा सगळा माल उधारीवर भरून ठेवला होता. पाणी उतरल्यावर आम्ही काही जण मदतीला गेलो होतो. डीप फ्रीझर तरंगून आडवा पडला होता. त्याचा कॉम्प्रेसर खालीच असतो, त्यामुळे त्यात चिखल गच्च बसलेला. पिठीच्या गोण्यांचा दगड झाला होता. वरून कोरड्या दिसत होत्या, पण उचलायला गेलं की तळ फाटून आंबूस वासाचा राडा पायावर पडायचा. शेजारच्यांनी चांगुलपणाने सगळं भराभर बाहेर टाकून जागा धुऊन काढली. विम्याचा सर्व्हेअर नंतर आला आणि विचारू लागला, नुकसान कुठे आहे? फोटो नव्हते, खरेदीची बिलं चिखलात गेली होती.

"पॉलिसीच तोकडी होती," सीएने सांगितलं. "कर्ज देताना काढलेली, फक्त मशिनरीची. माल त्यात नव्हताच. 2021 च्या एप्रिलपासून पाच कोटींपर्यंत मालमत्ता असलेल्या धंद्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची पॉलिसी आहे, पूर त्यात धरतात. पण माल त्यात लिहावा लागतो. आणि दुकान बंद राहिल्याने बुडालेली कमाई हवी असेल तर त्याचा विमा वेगळा."

"सरकारी मदत मिळाली ना?" विनू.

मिळाली. त्या पॅकेजात लारीवाल्याला, म्हणजे हातगाडीवाल्याला, 5,000 आणि लहान पक्क्या दुकानाला 85,000 होते. वहिनींचे 85,000 नवा फ्रीझर, वायरिंग आणि मिक्सर-ग्राइंडर यांतच संपले. वर सीएची आणखी एक भर : हॉटेलवाले पाच टक्के जीएसटी लावतात, त्यात खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. फ्रीझरवरचे अठरा टक्के त्यांच्याच अंगावर.

मास्तर एवढा वेळ गप्प होते, ते उसळले ते नदीवरून. "सयाजीराव महाराजांनी आजवा तलाव बांधला तो शहराला पाणी पाजायला. आजव्याचं पाणी आणि वरचा पाऊस, दोन्ही विश्वामित्री नदीतच येणार, हे काय आज कळलं? 31 जुलै 2019 ला एका दिवसात जवळपास 500 मिलिमीटर पडला, तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. गेल्या वर्षी 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पाणी 35 च्या वर गेलं. नदीकाठी भराव वहिनींनी टाकले का?"

"पण यंदा पावसाळ्याआधी गाळ काढला, पात्र रुंद केलं," विनू म्हणाला.

"केलं, चांगलं केलं. पण तिच्या उधारीचा गाळ कोण काढणार?"

मास्तरांचा राग मला पटतो, पण वहिनींचं दुकान नेमकं कशाने बसतंय ते त्यात येत नाही. पुराच्या आठवड्यात सगळं गाव मदतीला धावलं. खरी मारामारी नंतर सुरू झाली. दुकान दीड महिना बंद, भाडं चालू. पंधरा वर्षं कामाला असलेले महाराज, म्हणजे आचारी, हायवेवरच्या हॉटेलात लागले. त्यांना दोष कसा द्यायचा, त्यांनाही घर आहे. नव्या माणसाच्या हाताला ती चव नाही, जुनी गिऱ्हाइकं विरळ झाली. ॲपवरून ऑर्डर येते ती कमिशन कापून. आणि किराणावाल्याने मागची उधारी चुकेपर्यंत नवा माल द्यायचं बंद केलं. मोदक नाहीत ते यामुळे. हात आहेत, गिऱ्हाईक आहे, पिठी-गुळाला रोकड नाही.

विनूने वर्गणी काढू म्हटलं. तो मनाचा मोठा आहे, सगळ्यात आधी पाकीट त्यानेच काढलं. मी कडाडून विरोध केला. वर्गणी एकदा निघते, आणि घेणाऱ्याची मान खाली जाते. वहिनींना दान नको, खेळतं भांडवल हवं आहे. यंदा गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला आहे. आपल्या ओळखीची मंडळं आणि घरचे गणपती धरून मोदकांची ऑर्डर आत्ताच नोंदवू, आणि पूर्ण पैसे आत्ताच देऊ. शिवाय ज्यांना जमेल त्यांनी महिन्याच्या डब्याचे पैसे पहिल्या तारखेलाच द्यायचे. बिनव्याजी पैसा हातात येईल आणि तो त्यांच्या कामाचाच असेल.

सीएची अट : नव्या पॉलिसीत माल लिहून घ्यायचा, बिलांचे फोटो फोनवर ठेवायचे, फ्रीझर लोखंडी घोडीवर चढवायचा आणि स्विचबोर्ड कमरेच्या वर न्यायचा. घोडी विनू देतोय, पण फुकट नाही. पैसे मोदकांत वळते करून घेणार.

शेवटी अडलं ते विनूच्याच प्रश्नावर. "आणि मोदकांच्या आधी परत पाणी आलं तर? आगाऊ दिलेले पैसे कुणाचे बुडाले?"

"आपले," मी म्हटलं.

मास्तरांनी लगेच एकशे एक मोदक सांगितले. विनू अजून म्हणतो, निम्मे तरी परत मिळाले पाहिजेत. उद्या सकाळी वहिनींकडे जायचं ठरलंय, तो वाद तिथेही होणार.