टिक्सच्या गोळीवरून घरी वाद आणि इकडची वेटिंग लिस्ट

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय. भाच्याला टॉरेट आहे, म्हणजे टिक्स, आपोआप होणाऱ्या हालचाली नि आवाज; तो डोळे मिचकावतो, मान झटकतो, डॉक्टरांनी अ‍ॅरिपिप्राझोल दिलं आणि कुणीतरी गुगल करून टाकलं की ही तर स्किझोफ्रेनियाची गोळी, झालं, "पोराला वेड्यांची औषधं देताय?"

अहो, ही काही कालची टूम नाही. टिक्सवर हॅलोपेरिडॉल 1961 पासून वापरतायत. अ‍ॅरिपिप्राझोलला तर अमेरिकेत 2014 मध्ये 6 ते 18 वयाच्या मुलांच्या टॉरेटसाठी रीतसर मान्यता मिळाली. दोन्हीकडे मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाचा हात आहे म्हणून एकच औषध चालतं, बाकी वेडाबिडाचा काही संबंध नाही. डोसही बघा ना, टिक्सला सुरुवात 2 मिलिग्रॅमने, स्किझोफ्रेनियात मोठ्या माणसाला 10-15.

पण "डॉक्टरांनी दिलंय ना, मग द्यायची" हे ताईचं म्हणणंही मला पटत नाही. वजन वाढतं, पोरं पेंगतात, शुगर-कोलेस्टेरॉल तपासत राहावं लागतं. आणि टिक्स मुळातच कमी-जास्त होत असतात, 10-12 व्या वर्षी जोरात असतात, पुढे बऱ्याच जणांच्या उतरतात.

इकडे युरोपात ओळखीतल्या एका मुलाला डॉक्टरांनी आईबापांच्या आधी विचारलं, तुला कशाचा त्रास होतो? तो म्हणाला मान दुखते, डोळ्यांचं काही नाही. आईचा सगळा जीव डोळ्यांत अडकलेला, कारण लोकांना तेच दिसतं! मग फक्त मानेसाठी बिहेवियर थेरपी. झटक्याआधी आतून जी ऊर्मी येते ती ओळखायची आणि ती ओसरेपर्यंत हनुवटी जराशी खाली घेऊन मान घट्ट धरून ठेवायची. 2021 च्या युरोपियन गाइडलाइन्सही आधी थेरपीच सांगतात.

आता लगेच "परदेशात बघा कसं" करू नका, थेरपिस्टची वेटिंग लिस्ट एवढी लांब की कंटाळून इकडेही लोक गोळीवरच येतात.

माझं म्हणणं, मान खरंच दुखत असेल, वर्गात बसवत नसेल तर गोळी द्या, लाजायचं काय त्यात. फक्त आधी वजन-शुगर करून घ्या आणि थांबवायची कधी हेही पहिल्याच दिवशी विचारा, नाहीतर टिक्स उतरल्या तरी गोळी वर्षानुवर्षं चालू राहते, आणि कंटाळून मनाने एकदम बंद केली की टिक्स उसळू शकतात, मग परत "बघा, गोळीनेच वाढलं" म्हणायला सगळे मोकळे.